कागद कुणाच्या हातात जाणार

माझ्या ऑफिसातून दिवसभरात कोणते कागद बाहेर पडतात ते आधी सांगते, कारण प्रिंटरची निवड तिथूनच सुरू होते. चिपळुणात मी आयकर, जीएसटी, विम्याचे दावे आणि कर्जाचे प्रस्ताव अशी मिश्र कामं करते. रिटर्नची पोचपावती, जीएसटीचं चलन, बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, विम्याचा क्लेम फॉर्म, आंबा बागायतदारांचे सातबारे आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स. झेरॉक्सना तर अंतच नाही. यातलं बहुतेक सगळं काळं-पांढरं. रंग लागतो तो मोजक्या ठिकाणी. प्रकल्प अहवालातले आलेख, गाळ्याचा किंवा बागेचा नकाशा, नुकसानीचे फोटो, एखादं प्रमाणपत्र. पण जिथे तो लागतो तिथे त्याच्यावाचून अडतं.

ओळखीतलं कुणी नवीन ऑफिस थाटलं की विचारतं, "ताई, दहा-पंधरा हजारांत चांगला कलर प्रिंटर कुठला?" मी मॉडेलचं नाव लगेच सांगत नाही. एक आठवडा थांबा म्हणते. तुमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या कागदाची एक प्रत बाजूला काढून ठेवा. ती कुणाच्या हातात जाणार आहे, ते तिच्या मागे पेन्सिलीने लिहा. बँक मॅनेजर, तलाठी, सर्व्हेअर, की स्वतः गिऱ्हाईक, जे तो कागद घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवणार आहे. आठवड्याने त्या गठ्ठ्याकडे बघितलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. दुकानात गेल्यावर मग चमकदार डबे, सवलतीचे फलक आणि सेल्समनची भाषा यांचा गोंधळ होत नाही.

रंगाची गरज मला खऱ्या अर्थाने कळली ती पुरानंतर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं आणि बाजारपेठेतले तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर दुकानदार मोबाइलमध्ये फोटो घेऊन दारोदार फिरत होते. पंचनामा व्हायचा होता, विम्याचे दावे भरायचे होते, आणि कागदावर काहीतरी दिसल्याशिवाय पुढे काही हलत नव्हतं. सुरुवातीला आम्ही ते फोटो मिळेल त्या काळ्या-पांढऱ्या मशीनवर छापून जोडले. एका किराणा दुकानाचा फोटो अजून आठवतो. भिंतीवर छताच्या जरा खाली चिखलाची रेघ होती, पाणी तिथपर्यंत चढलं होतं. मोबाइलवर ती लालसर तपकिरी रेघ ढळढळीत दिसत होती. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर तिची सावली झाली. जुन्या भिंतीवर ओल दिसते तशी. पोत्यांतल्या साखरेचा चिखल झाला होता, तो कागदावर नुसता करडा डाग. त्याच फोटोची रंगीत प्रिंट समोर ठेवल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. कोकणातली माती लाल असते, आणि ती रेघ किती उंच होती यावर त्या माणसाचं सगळं अवलंबून होतं.

रंगीत प्रिंटर ही छोट्या ऑफिसची चैन आहे असं कुणी म्हणालं की मला तो फोटो आठवतो.

आता यंत्राकडे येते. बाजारात ढोबळमानाने तीन वाटा आहेत. कार्ट्रिजवाला इंकजेट, टाकीवाला इंकजेट म्हणजे ज्याला सगळे इंक टँक म्हणतात तो, आणि कलर लेझर. पहिल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तीन-चार-पाच हजारांत मिळतो, दिसायला गोंडस, आणि घरात महिन्याकाठी चार पानं काढायची असतील तर ठीक. ऑफिसात नको. त्याच्या लहान कार्ट्रिजमधून जेमतेम शंभर-सव्वाशे पानं निघतात, आणि नवीन कार्ट्रिज आठशे-हजारच्या घरात. म्हणजे पानामागे सहा ते दहा रुपये नुसत्या शाईचे. यंत्र स्वस्त द्यायचं आणि कमाई शाईवर करायची, हा त्या धंद्याचा पायाच आहे. डब्यावरची किंमत बघून जो घेतो तो पुढची दोन वर्षं हप्ते फेडल्यासारखा कार्ट्रिज घेत राहतो.

टाकीवाल्या प्रिंटरचा जन्म मात्र आपल्यासारख्या बाजारांतून झाला, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कंपन्यांनी हे यंत्र काढायच्या कितीतरी आधीपासून आशियातल्या शहरांत, आपल्याकडेही, दुकानदार साध्या इंकजेटच्या बाजूला चार बाटल्या चिकटवायचे आणि बारीक नळ्या आत नेऊन जोडायचे. वॉरंटी जायची, शाई सांडायची, पण झेरॉक्सवाल्याला आणि फोटो स्टुडिओवाल्याला पान परवडायचं. शेवटी 2010 साली एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातूनच मोठी टाकी बसवलेला प्रिंटर विकायला काढला. पुढे तो भारतात आला, आणि कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांनीच टाकीवाली यंत्रं बाजारात आणली. गिऱ्हाइकाच्या गरजेपुढे कंपन्यांना आपली धंद्याची रीत बदलावी लागली. यंत्र पूर्वीपेक्षा महाग झालं आणि शाई एकदम स्वस्त.

किती स्वस्त, ते हिशेबाने बघा. एप्सनच्या छोट्या ऑफिसच्या मॉडेलांत 003 नावाची बाटली लागते, 65 मिलिलिटरची. काळ्या बाटलीतून साडेचार हजार पानं आणि तीन रंगांच्या बाटल्या मिळून साडेसात हजार पानं, असं कंपनी सांगते. ही पानं ठरावीक नमुन्याची असतात. आपल्या रोजच्या पत्रासारखी, कागदाचा थोडासाच भाग शाईने भरलेली. पूरग्रस्त दुकानाचा पानभर फोटो छापला तर हा हिशेब लागू पडत नाही, तिथे शाई कितीतरी पट जाते. तरीही साध्या पानाला शाई दहा-पंधरा पैशांच्या आसपास पडते. आणि पाचशे कागदांचं रीम अडीचशे-तीनशेला, म्हणजे कोरा कागदच पन्नास-साठ पैशांचा. टाकीवाल्या प्रिंटरवर शाईपेक्षा कागद महाग पडतो. हे लक्षात आल्यापासून आमच्याकडे शाईची काटकसर बंद झाली आणि कागदाची सुरू झाली. पाठपोट छपाई, चुकलेल्या पानांच्या मागे कच्चं काम. या किमतीतल्या बहुतेक मॉडेलांत पाठपोट छपाई आपोआप होत नाही, आधी विषम पानं काढून गठ्ठा उलटा घालावा लागतो. चार-पाच हजार जास्त मोजले की आपोआप होते. लांबलचक प्रकल्प अहवाल रोज काढणाऱ्याने ते जरूर मोजावेत. माझ्यासारखीने नाही मोजले तरी चालतात.

कलर लेझरची गोष्ट वेगळी. लेझरचं मूळ तंत्र, म्हणजे विजेच्या भारावर पूड चिकटवून ती कागदावर उतरवायची, चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा साधलं. त्यांनी उमटवलेली पहिली अक्षरं म्हणजे ती तारीख आणि त्या जागेचं नाव, एवढंच. ते पेटंटच्या कामातले माणूस होते, कागदपत्रांच्या नकला करून कंटाळलेले. ऑफिसातल्या रोजच्या त्रासातून निघालेला हा शोध आहे, आणि आपण आजही प्रत्येक नकलेला जे झेरॉक्स म्हणतो ते त्यावर उभ्या राहिलेल्या कंपनीचं नाव. लेझरची छपाई पाण्याने फिसकटत नाही, अक्षर धारदार येतं, आणि महिनाभर मशीन बंद ठेवलं तरी पूड सुकत नाही. काळ्या-पांढऱ्या लेझरला माझा मनापासून पाठिंबा आहे. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांच्या टेबलांवर एचपीचा 1020 किंवा कॅननचा 2900 अजून दिसतात, आणि त्यांची टोनर, म्हणजे ही पूड, भरून देणारा पोरगा प्रत्येक गावात असतो.

रंगाचं म्हणाल तर लेझरमध्ये चार रंगांची पूड, म्हणजे चार टोनर. छोट्या कलर लेझरचा चारही टोनरचा मूळ संच घ्यायला गेलं तर यंत्राच्या किमतीच्या जवळपास पोचतो. शिवाय ही पूड कागदावर पक्की करायला आत तापणारा रोलर असतो, तो सुरू होताना काहीशे वॉट खेचतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही. ऑफिसातला इन्व्हर्टर दोन कॉम्प्युटर, पंखा आणि दिवा सांभाळतो. त्यावर लेझर लावला की तो किंचाळायला लागतो, यूपीएस विकणारेही लेझर त्यावर लावू नका असंच सांगतात. टाकीवाला इंकजेट छापताना जेमतेम पंधरा-वीस वॉट घेतो. लाइट गेलेली असताना रिटर्नची शेवटची तारीख असेल आणि समोर माणूस बसलेला असेल तेव्हा याचं मोल कळतं. खर्चाच्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट नसते, पण तालुक्याच्या गावात ऑफिस चालवणाऱ्याने ती पहिल्या पानावर लिहावी.

इंकजेटमध्येही दोन पद्धती आहेत. एकीत शाईला क्षणभर प्रचंड तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो. ही कल्पना कॅननच्या एका संशोधकाला 1977 मध्ये सुचली, तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या सिरिंजला टेकली आणि सुईतून शाई उडाली तेव्हा. एचपीनेही त्याच सुमारास वेगळ्या वाटेने हेच गाठलं. दुसरीत विजेने वाकणारा बारीक स्फटिक शाईला दाबून थेंब सोडतो. एप्सन आणि ब्रदर हे वापरतात, त्यात उष्णता लागत नाही. छोट्या ऑफिसला यातलं काय चांगलं यावर दुकानात तासभर वाद घालता येईल. मला विचाराल तर त्यापेक्षा एक साधा प्रश्न मोठा आहे. काळी शाई रंगद्रव्याची आहे की विरघळणाऱ्या रंगाची? दुकानदाराला पिगमेंट की डाय असं विचारा, त्याला कळतं. डाय शाईचा कागद ओल्या हाताने धरला की अक्षरं पसरतात. पिगमेंट शाई सुकली की पाण्याला फारशी दाद देत नाही. काही कंपन्या काळी पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय असे देतात, आणि मला ती जोडी आमच्यासारख्या ऑफिसला सगळ्यात योग्य वाटते. छत्री मिटवत, रेनकोटमधून पाणी गाळत माणसं येतात. सही करताना मनगट कागदावर टेकतं. जुलै महिन्यात खेर्डीहून, पेढांब्याहून दुचाकीवर आलेल्या माणसाने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला तरी तो दमट होतोच. त्यावरचं अक्षर घरी पोचेपर्यंत टिकायला हवं.

दुकानात चाचणी पान मागितलं की बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर आणि पोपटाचं चित्र बाहेर येतं. ते बघून काही कळत नाही. पेनड्राइव्हमध्ये आपलं पान घेऊन जा. मी डिजिटल सातबारा नेते. देवनागरीला प्रिंटरकडून इंग्रजीपेक्षा जास्त हवं असतं. अक्षराच्या वर शिरोरेघ, तिच्याही वर अनुस्वार, रफार, वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरं, आणि हे सगळं सातबाऱ्याच्या बारीक चौकटीत. शाई सोडणाऱ्या डोक्यातलं, म्हणजे प्रिंट हेडमधलं, एखादं छिद्र तुंबलं की पानावर आडवी पांढरी रेघ जाते. इंग्रजी ओळीत ती अक्षराच्या मधून जाते आणि वाचणारा अंदाजाने वाचतो. मराठीत तीच रेघ नेमकी अनुस्वारांच्या उंचीवर गेली तर खातेदाराचं नाव बदलतं. 'चंदन' चा 'चदन' झालेला कागद बँकेत गेला की माणसाला परत हेलपाटा. ड्राफ्ट मोडमध्ये, म्हणजे शाई वाचवून छापताना, हेच होतं. म्हणून मराठी कागद नॉर्मल मोडवरच काढायचा, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे. डब्यावरच्या 5760 डीपीआय, म्हणजे इंचात किती ठिपके, वगैरे आकड्यांकडे मी बघतही नाही. साध्या कागदावर शाई थोडी पसरतेच. बारा पॉइंटातला 'र्ह' स्वच्छ आला की मशीन पास.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे ऑफिसचं काम खरोखर अडतं आणि जिच्याबद्दल खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही. काचेची लांबी. या किमतीतल्या ऑल-इन-वनची, म्हणजे छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकत्र करणाऱ्या यंत्राची, स्कॅनरची काच ए-फोर मापाची असते. आपल्याकडे स्टँपपेपर, प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, भाडेकरार लीगल मापाचे. म्हणजे खालची सही आणि शिक्का काचेच्या बाहेर. वरून कागद ओढून घेणारा फीडर असलेलं मॉडेल घेतलं तर त्यात बहुधा लीगल जातो, पण ते महाग, आणि जुना, घडीवर विरलेला दस्त फीडरमध्ये घालायचं माझं तरी धाडस होत नाही. आमचा तोडगा असा की लीगल दस्त मोबाइलवर नीट उजेडात स्कॅन करून ए-फोरवर लहान करून काढायचा, आणि खऱ्या मापाची नकल हवी असेल तर समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवायचं. ज्याचं ऑफिस दस्त नोंदणीच्या कामावर चालतं त्याने मात्र लीगल काचेची किंवा फीडरची सोय असल्याशिवाय मशीन घेऊ नये.

काचेवरून आठवलं. प्रिंटरचं झाकण उचललं आणि आत कुणाचा तरी मूळ कागद सापडला, असं प्रत्येक ऑफिसात घडतं. दहावीचं मार्कशीट, पेन्शनचा आदेश, एकदा तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला. मालक गुहागरला परत गेलेला असतो. आमच्या ऑफिसातल्या मदतनीस ताईंनी यावर स्वतःच उपाय काढला. नकल काढताना गिऱ्हाइकाला टेबलापाशी उभं ठेवायचं आणि मूळ कागद त्याच्या हातात दिल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. "काका, तुमचा ओरिजिनल आधी घ्या, मग झेरॉक्स देते," हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. छोट्या ऑफिसातला प्रिंटर लोकांचे सगळ्यात जपलेले कागद बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आधारची फाइल छापून झाली की कॉम्प्युटरवरून काढून टाकायची, हेही त्यांनीच लावून धरलं. वायफायवाला प्रिंटर घेतला तर ऑफिसचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ नये, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवावं. आणि जाता जाता, बऱ्याच कलर लेझरच्या पानांवर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापलेले असतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने 2005 मध्ये एका मॉडेलच्या ठिपक्यांचा अर्थ लावला, तेव्हा त्यात यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ निघाली. कागद वाटतो तेवढा मुका नसतो.

ताईंचा विषय निघालाच आहे तर माझं ठाम मत सांगते. प्रिंटर निवडताना जो तो चालवणार आहे त्याला दुकानात सोबत न्या. आम्ही दोघी गेलो होतो. मी किंमत आणि शाईचा हिशेब विचारत होते. ताई गुडघ्यावर बसून कागदाचा ट्रे बघत होत्या. मागून उभा कागद घालायचा मॉडेल त्यांनी पसंत केला. "मॅडम, खालचा ट्रे ओढायला रोज वाकावं लागेल, आणि जाड कागद मागूनच सरळ जातो," त्या म्हणाल्या. दुकानदाराने मागच्या बाजूने जाड कार्डपेपर घालून दाखवला, एकही सुरकुती पडली नाही. मग त्यांनी बटणं दाबून बघितली. टचस्क्रीन नको, चार साधी बटणं पुरेत. शाईच्या टाक्या समोरून दिसतात ना, भरताना मशीन हलवावं लागत नाही ना. त्यांच्या या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती, आणि पुढे रोज उपयोगी पडली ती तीच.

यंत्र आणल्यानंतरची काळजी हा निवडीचाच भाग आहे, कारण जी काळजी तुमच्याकडून होणार नाही ते यंत्र तुमचं नाही. इंकजेटला रोज थोडं काम हवं. मे महिन्याची सुट्टी पंधरा दिवस लागली की छिद्रं सुकतात. निदान आठवड्यातून एक रंगीत पान काढावं. बंद करताना भिंतीवरचं बटण खटकन दाबायचं नाही, प्रिंटरच्या बटणाने बंद करायचं, म्हणजे शाईचं डोकं आपल्या जागी जाऊन झाकणाखाली बसतं. भिंतीवरून बंद केलं की ते अर्ध्या वाटेत उघडं राहतं. अक्षर तुटायला लागलं की आधी तपासणीचं पान काढावं, ज्यात चार रंगांच्या तुटक रेघांची जाळी येते, आणि जाळीत जिथे खंड असेल तो रंग तुंबलेला. मगच सफाई करावी, तीही एक-दोनदा. प्रत्येक सफाईत शाई खर्ची पडते आणि वाया गेलेली शाई आतल्या स्पंजात मुरते. तो स्पंज भरला की मशीन छापायचंच थांबतं. काही नव्या मॉडेलांत तो आपल्याला बदलता येतो, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. घेताना विचारा. आमच्यासाठी सर्व्हिस सेंटर म्हणजे रत्नागिरी, म्हणजे एक दिवस मोडला.

कोकणातला कागदही वेगळा वागतो. रीम उघडं राहिलं की दोन दिवसांत हवा शोषून कडा वळतात आणि मग दोन-दोन पानं एकदम आत जातात. आम्ही रीम त्याच्या मेणकागदी वेष्टनातच ठेवतो, वर झाकण असलेल्या डब्यात, आणि ट्रेमध्ये दिवसाला पुरेल एवढाच कागद घालतो. संध्याकाळी उरलेला परत डब्यात.

एक सेटिंग जाणकार माणसंही विसरतात. बरेच प्रिंटर काळा मजकूरही रंगीत फाइल समजून छापतात, त्यात तिन्ही रंगांची थोडी-थोडी शाई जाते. कॉम्प्युटरवर कायमचं ग्रेस्केल, म्हणजे नुसतं काळं-करडं, ठेवावं आणि रंग लागेल तेव्हाच बदलावा. आमच्याकडे एकाच प्रिंटरची दोन नावं करून ठेवली आहेत, 'साधा' आणि 'रंगीत'. छापताना नाव निवडलं की झालं.

मूळ शाई की बाजारातली, हा प्रश्न तर रोजचा. बाजारातली निम्म्या किमतीत मिळते. टाकीवाल्यात मूळ शाईच एवढी स्वस्त आहे की वाचतं ते महिन्याला चहाचे पैसे. डोकं बदलायची वेळ आली तर खर्च यंत्राच्या किमतीच्या बराच जवळ जातो. त्यामुळे मी मूळच भरते. लेझरच्या टोनरला मात्र ओळखीच्या माणसाकडून पूड भरून घेण्यात मला काही गैर वाटत नाही, तिथे हिशेब उलटा आहे.

रंगीत छपाई सामान्य मराठी घरात पोचली तिला सव्वाशे वर्षं होऊन गेली. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईजवळ घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावर चित्र काढून, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी छापल्या जायच्या. चित्र विकत घेणं ज्यांना कधी शक्य नव्हतं त्यांच्या देव्हाऱ्यात या तसबिरी आल्या. आजही गिऱ्हाइकाला रंगीत कागद दिला की तो त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो हे मी रोज पाहते. बचत गटाच्या बायकांचा प्रकल्प अहवाल होता, काजू प्रक्रियेचा. मुखपृष्ठावर त्यांच्याच शेडचा आणि काजूगरांचा फोटो टाकला होता. अध्यक्षबाईंनी तो हातात घेतला, सगळ्यांना दाखवला आणि बँकेची प्रत सोडून आणखी एक मागितली, गटाच्या कपाटात ठेवायला. लॅमिनेशन करून हवी होती. शाई पुरती सुकू द्यावी, मग लॅमिनेशन करावं, एवढं सांगून दिली. त्या जास्तीच्या प्रतीचे पैसे मी लावत नाही. ते कागद त्यांच्या कष्टाचे आहेत, आणि कष्टाचा कागद देखणा असावा असं मला वाटतं.

तर माझ्या ऑफिसला उत्तर मिळालं ते असं. रोजच्या मोठ्या गठ्ठ्यासाठी काळा-पांढरा लेझर, लाइट असताना. रंगासाठी, स्कॅनसाठी आणि लाइट नसतानाच्या सगळ्यासाठी पिगमेंट काळ्या शाईचा टाकीवाला ऑल-इन-वन. दोन्ही मिळून जे पैसे गेले त्यात कलर लेझर जेमतेम आला असता, आणि एक बिघडला तर दुसरा आहे. जागा आणि पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर टाकीवाला घ्यावा, रोज वापर असेल या अटीवर. बिल जीएसटी क्रमांकासह पक्कं घ्यावं. बऱ्याच मॉडेलांची वॉरंटी एक वर्ष किंवा ठरावीक पानं, यांतलं जे आधी भरेल ते, अशी असते. पानांचा तो आकडा आपल्या गठ्ठ्याशी ताडून बघावा.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर दवाखाना सुरू केलेल्या डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनाही कलर प्रिंटर हवा होता, दुकानदाराने टाकीवाला दाखवून ठेवला होता. मी त्यांचे कागद मागितले. औषधाची चिठ्ठी, तपासणीला पाठवायची शिफारस, पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र, फिटनेसचा दाखला. रंगीत एकच, मधुमेहाच्या रुग्णांना द्यायचा आहाराचा तक्ता, ताटाचं चित्र असलेला. तो महिन्याला साधारण तेवढाच लागतो आणि बदलत नाही. दवाखाना आठवड्यातले तीनच दिवस, बाकीचे दिवस त्या कामथ्याच्या रुग्णालयात असतात. इंकजेट तिथे सुकत बसला असता. काळा-पांढरा लेझर घ्या, म्हटलं, आणि तो तक्ता माझ्याकडून एकदम शंभर छापून घ्या. संध्याकाळी त्यांची फाइल आली. ताटातली भाजी हिरवी कमी आणि निळसर जास्त दिसत होती, ताईंनी तपासणीचं पान काढलं, पिवळ्याच्या जाळीत दोन ठिकाणी खंड होता. एक सफाई केली, परत पान काढलं, आणि मग शंभर तक्ते छापायला लावले.